धागा: रक्तजादूचं बिल कोणाच्या नावावर? (अर्थडॉन ते शॅडोरन जोडमोहीम)

रामबागी_फासा (धागाकर्ता)

मंडळी, इंदुरात भूमिकाखेळाचं रविवारचं टेबल आहे, पाच खेळाडू आणि मी जीएम (खेळ चालवणारा). बेत असा: पहिला अर्धा भाग अर्थडॉन, दुसरा अर्धा शॅडोरन. पात्रं बदलतील, पण पहिल्या भागातल्या वस्तू, शपथा आणि पापं दुसऱ्या भागात वर येतील. दोन्हींना जोडणारा धागा रक्तजादूचा ठेवायचा आहे.

अडचण आकड्यांची आहे. नेथरमॅन्सर (आत्मे आणि मृत्यूची जादू करणारं पात्र) खेळणारी खेळाडू म्हणते, "दोन पॉइंट रक्त दिलं, मोठा मंत्र मिळाला, रात्री झोपले, सकाळी बरी झाले." असं असेल तर रक्तजादू म्हणजे पोह्यांवरचं जिरावण, वरून भुरभुरलं की झालं. मला ती महाग हवी आहे, पण इतकीही नको की कोणी हातच लावणार नाही.

तर दोन्ही जगांत बळी आणि रक्त यांचं नेमकं काय चालतं, नियम कुठे पकडतात, कुठे गळतात, ते सांगा. घरचा नियम सुचवत असाल तर तो घरचा आहे एवढं लिहा.

केअरचा_कारकून

आधी जोड स्पष्ट करू, कारण नव्या पुस्तकांत ती सापडायची नाही. दोन्ही खेळ फासा (FASA) कंपनीचे: शॅडोरन १९८९, अर्थडॉन १९९३. अर्थडॉन म्हणजे चौथं जग, शॅडोरन म्हणजे सहावं. मधलं पाचवं जग जादू नसलेलं, म्हणजे आपला लिखित इतिहास. जादूची पातळी हजारो वर्षांच्या लाटेसारखी चढते-उतरते. २००१ मध्ये फासा बंद पडली, दोन्ही खेळ वेगवेगळ्या घरी गेले आणि तेव्हापासून ही जोड छापील पुस्तकांत उघडपणे बोलली जात नाही. टेबलावर बोलायला कोणाची मनाई नाही.

लाट शिगेला पोचली की हॉरर, म्हणजे पलीकडच्या अवकाशातले राक्षस, येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं खाणं म्हणजे वेदना आणि भीती. अर्थडॉनमधल्या बारसेव्ह प्रांताच्या लोकांनी स्कर्जची, म्हणजे हॉररच्या धाडीची, सुमारे ४०० वर्षं केअरमध्ये काढली (केअर म्हणजे जमिनीखालचं बंदिस्त शहर, सकाळी काढतो तो केर नव्हे). बाहेर आल्यावर कळलं की जादूची पातळी ठरल्याप्रमाणे पूर्ण उतरलीच नाही, आणि काही हॉरर मागेच राहिले. खेळ सुरू होतो तो इथे, थेरा साम्राज्याच्या पंचांगाच्या १५०६ मध्ये.

आता रक्त. अर्थडॉनमध्ये रक्तजादू हा शब्द शिवी नाही, आणि नवा जीएम नेमका इथे घसरतो. तिचे थर वेगळे करून बघा.

पहिला थर रक्तताईतांचा. हे ताईत अंगात रुजतात आणि रुजल्याबरोबर ठरावीक इजा करतात. ताईत अंगावर असेपर्यंत ती इजा भरत नाही. समजा पात्राची बेशुद्धीमर्यादा ३२ आणि मृत्युमर्यादा ४० आहे, आणि ताईतांची एकूण किंमत ५. मग ते पात्र २७ आणि ३५ वर जगतं. जादूगार दोन-तीन ताईत सहज घेतो आणि पहिल्याच मोठ्या मारामारीत सगळ्यांच्या आधी आडवा होतो. खेळाडू ही वजाबाकी पात्रपत्रिकेवर करत नाहीत, लढाईच्या मध्यात आठवते. ताईत घेतला त्याच क्षणी मूळ आकडा खोडून नवा लिहायला लावा.

दुसरा थर रक्तशपथा. दोघं रक्त मिसळून शांततेची किंवा कामाची शपथ घेतात, किंवा आयुष्यभराची बांधिलकी. शांततेच्या शपथेची मुदत एक वर्ष आणि एक दिवस. शपथ मोडणाऱ्याला ती अंगावर फेडावी लागते.

तिसरा थर ब्लड वूड. तिथल्या एल्फांनी थेराचं संरक्षण नाकारलं आणि लाकडाचं केअर बांधलं. ते तग धरेना, तेव्हा राणी अलाकियाच्या राज्यात काट्यांचा विधी झाला: प्रत्येकाच्या कातडीतून आतून बाहेर काटे, कायमचे. हॉररला स्वतः दिलेली वेदना चाखायची असते, आधीच वेदनेत असलेलं शरीर त्याला बेचव लागतं. उपाय चालला. स्कर्ज संपला, पण काटे गेले नाहीत. इथे बळी दुसऱ्या कोणाचा नाही, स्वतःचाच, आणि तरीही त्या जंगलाकडे बाकीचे एल्फ नजर वर करून बघत नाहीत.

चौथा थर मृत्यूजादू. दुसऱ्याचा जीव त्याच्या मर्जीविरुद्ध घेऊन ताकद काढायची. हॉररला हीच जवळची.

म्हणजे रेषा रक्त आणि बिनरक्त यांच्यामध्ये नाही. रक्त कोणाचं आणि त्याने हो म्हटलं होतं का, यावर सगळं ठरतं.

जिरावण_जास्त

काका, एक बाळबोध प्रश्न. टॅलेंट (पात्राची जादुई कला) वापरताना जो स्ट्रेन लागतो तोही स्वतःच्या अंगावरच जातो ना? मग ती रक्तजादू नाही का?

केअरचा_कारकून

बाळबोध नाही, रामबागीच्या टेबलावर हाच घोटाळा झालाय. स्ट्रेन ही साधी इजा, रिकव्हरी (बरं होण्याच्या) चाचणीने भरते. रक्ताची इजा रिकव्हरीला दाद देत नाही, तिची अट संपेपर्यंत बसून राहते. त्या नेथरमॅन्सरला सकाळी बरं वाटलं, म्हणजे रक्ताची इजा चुकून स्ट्रेनच्या खात्यात लिहिली गेली. पत्रिकेवर दोन वेगळे रकाने आखा.

जाता जाता: नेथरमॅन्सर मंत्र मॅट्रिक्समधून (मंत्र सुरक्षित धरणाऱ्या चौकटीतून) टाकते की थेट? थेट कच्ची जादू ओढली तर दूषित अवकाशातून अंगावर इजा येते आणि हॉररची खूण पडण्याचा धोका असतो. "मॅट्रिक्समध्ये जागा नाही, रक्त देते आणि थेट टाकते" असं ती म्हणत असेल तर एकाच मंत्रात तिने दोन दारं उघडी टाकलीत.

निळी_पणती

शॅडोरनची बाजू मी घेते, पाचव्या आवृत्तीच्या आकड्यांनी.

मॅजिक ५, विलपॉवर ५, लॉजिक ५ असलेला हर्मेटिक जादूगार घ्या. फायरबॉलचा ड्रेन (मंत्राची टाकणाऱ्यावर उलटणारी झळ) म्हणजे फोर्स (मंत्राचा जोर) वजा १. फोर्स ६ ला ड्रेन ५. तो झेलायला १० फासे, ५ किंवा ६ पडला की हिट, सरासरी तीनच्या थोडं वर. अंगावर दोनेक खाने स्टन, म्हणजे शारीरिक जखमेपेक्षा हलकी इजा. यासाठी कोणी कोणाचा गळा कापणार नाही.

आता तोच मंत्र फोर्स १० ने, म्हणजे मॅजिकच्या दुप्पट, ही कमाल. ड्रेन ९, झेलायला तेच १० फासे, सरासरीने सहा खाने अंगावर. मंत्राचे हिट मॅजिकपेक्षा जास्त निघाले तर ते सहा खाने स्टनचे राहत नाहीत, शारीरिक होतात. बॉडी ३ असेल तर एकूण शारीरिक खाने १० (८ अधिक बॉडीचं अर्धं, वर पूर्ण करून). दर तीन खान्यांना प्रत्येक कामात एक फासा कमी, म्हणजे पुढच्या फेरीत दोन फासे गेलेच.

शॅडोरनमधली बळीविद्या याच सहा खान्यांच्या जागी येते. तिचं मूळ काम ड्रेन दुसऱ्याच्या शरीरावर ढकलणं. ती इनिशिएट (जादूची पुढची दीक्षा) झालेल्यांनाच शिकता येते, पहिल्या पायरीला १३ कर्मा म्हणजे अनुभवाचे गुण (१० अधिक पायरी गुणिले ३), आणि तेवढ्यात एकच मेटामॅजिक (वरच्या पायरीची कला) मिळतं. १३ कर्मा साठवायला बरीच रन्स (कामगिऱ्या) लागतात, म्हणून "रागाच्या भरात चुकून बळी दिला" ही सबब नियमातच बसत नाही. पात्राने आधी शिकलेलं असतं, कोणीतरी शिकवलेलं असतं. त्या शिक्षकाचं नाव खेळाडूकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या, पुढच्या दहा सत्रांचं कथानक तिथेच मिळेल.

रक्तआत्मा बोलवायचा तर विचार करू शकणारा जीव मारावा लागतो, कोंबडं चालत नाही. आलेला आत्मा स्पर्शाने एसेन्स ओढतो. एसेन्स (शरीराचं जीवसत्त्व) सगळ्यांचा ६ पासून सुरू होतो, यंत्रं बसवली की घटतो, आणि घटला की मॅजिकही उतरतं. म्हणजे हाताबाहेर गेलेला रक्तआत्मा बोलावणाऱ्याची जादूच चघळतो. यापुढे बंदूक काहीच नाही.

अजून एक, जे सगळे विसरतात: जागा. जिथे माणसं मारली तिथे बॅकग्राउंड काउंट (जागेच्या जादुई बिघाडाचा आकडा) चढतो आणि जादूच्या प्रत्येक चाचणीतून तेवढे फासे जातात. ती जागा ज्यांच्या परंपरेला झुकलेली आहे त्यांना मात्र ती उलट मदत करते. एकाच पडक्या गोदामात तिसरा बळी होईपर्यंत खेळाडूंच्या चांगल्या शामनचे हात बांधले जातात आणि शत्रूचे मोकळे होतात. जागेचा आकडा नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवा, तो वाढत जाणार.

रामबागी_फासा

ताई, हे सोनं आहे. आणि जोडीचा मोठा प्रसंग कोणता घेऊ? भूतनृत्य की डंकेलझान?

निळी_पणती

दोन्ही, त्याच क्रमाने. शॅडोरनच्या इतिहासात १७ ऑगस्ट २०१७ ला हाऊलिंग कोयोटी या मूळनिवासी नेत्याचं महाभूतनृत्य: हूड, रेनिअर, सेंट हेलेन्स आणि अ‍ॅडम्स हे चार पर्वत एकदम फुटले, आणि २०१८ चा डेन्व्हर करार त्यातूनच झाला. लाट अजून पायथ्याशी असताना एवढी ताकद आली कुठून? नाचणाऱ्यांनी आपला जीव ओतला असं पुढच्या साहसांतून सूचित होतं. हेतू न्याय्य, मर्जी स्वतःची, तरी परिणाम असा की त्या ठिकाणी जादूचा सुळका उभा राहिला आणि हॉररना पूल बांधायला हजारो वर्षं आधीच टेकू मिळाला. शॅडोरनमध्ये त्यांना 'शत्रू' म्हणतात, एवढंच.

मग ९ ऑगस्ट २०५७. डंकेलझान हा ड्रॅगन राष्ट्राध्यक्ष झाला त्याच रात्री वॉटरगेट हॉटेलबाहेर स्फोटात मेला. हा खून नव्हता, ड्रॅगनने स्वतःचाच बळी दिला, ड्रॅगनहार्ट या जादुई वस्तूत ताकद भरायला, तो पूल अडवण्यासाठी. अर्थडॉन खेळलेल्यांनी त्याला माउंटनशॅडो या नावाने आधी बघितलेलं असतं. पहिल्या भागात माउंटनशॅडोशी एक साधी, निवांत भेट घडवून ठेवा. दुसऱ्या भागात बातमी येईल तेव्हा वेगळं काही करावं लागणार नाही.

चकमक

मध्येच येतो, पण शॅडोरनमधल्या अझ्टलान या राष्ट्राबद्दल आणि तिथल्या अ‍ॅझटेक्नॉलॉजी कंपनीबद्दल बोलायला हवं. अ‍ॅझटेक्नॉलॉजीचे पुरोहित ऑब्सिडियनची सुरी घेऊन पिरॅमिडवर उभे, हे चित्र खेळात छान दिसतं, पण खऱ्या मेक्सिकांना (अ‍ॅझटेक लोकांना) त्यात कोंबू नका.

बळीची सुरी, तेकपात्ल, मुख्यतः चकमकीच्या दगडाची. ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) लढाईच्या माकुआवित्ल या लाकडी शस्त्राच्या कडांना आणि धारदार पात्यांना. शब्दही बघा: बळीसाठी नेश्त्लावाल्ली, म्हणजे कर्जफेड. देवांनी स्वतःला जाळून सूर्य चालता केला, माणूस ते ऋण हप्त्यांनी फेडतो, ही भूमिका. आणि बहुतेक रक्त स्वतःचं असायचं: मॅगेच्या (घायपाताच्या) काट्याने कान, जीभ, पोटरी टोचून घ्यायची आणि तो काटा गवताच्या गोळ्यात खोचायचा. अगदी राजानेही. १३ ऑगस्ट १५२१ ला त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान पडल्यावर स्पॅनिश विजेत्यांनी जे लिहिलं त्यात आकडे फुगवण्यात त्यांचा स्वार्थ होता.

खेळासाठी उपयोग असा: अझ्टलानमधला एखादा म्हातारा पुजारी फक्त काट्याने स्वतःचं रक्त देणारा दाखवा, आणि कंपनीचा जादूगार त्याच देवाचं नाव घेऊन पगारी बळी देणारा. दोघांचं भांडण खेळाडूंसमोर होऊ द्या. खलनायक हवा तर कंपनी आहेच, सगळी संस्कृती कशाला?

अठरापगड_डीएम

आमच्यासारख्या गरिबांकडे डी अँड डीची पाचवी आवृत्तीच असते. तिथे या जोडीचा उपयोग होतो का?

निळी_पणती

होतो, दोन मंत्र पुरतील. लाइफ ट्रान्सफरन्स, तिसऱ्या पातळीचा: मंत्र टाकणारा ४ आठमुखी फाशांएवढी इजा स्वतः घेतो, कशानेही कमी न होणारी, आणि समोरच्याला तिच्या दुप्पट प्राण मिळतात. सरासरी १८ देऊन ३६. वरच्या प्रत्येक पातळीला एक फासा जास्त, म्हणजे पाचव्या पातळीवर २७ देऊन ५४. दुसरा समन ग्रेटर डीमन, चौथ्या पातळीचा: साहित्यात गेल्या २४ तासांत मेलेल्या मानवसदृशाच्या रक्ताची कुपी. त्याच रक्ताने रिंगण आखलं तर दैत्याला ते ओलांडता येत नाही, पण कुपी संपते. रिंगणाबाहेर कोण राहिलं, हा प्रश्न टेबलावर मोठ्याने विचारा. नेहमी कोणीतरी राहिलेलं असतं.

गळती एकच, लॉन्ग रेस्ट. आठ तासांत सगळे प्राण परत, आणि किंमत शून्य. म्हणून माझा घरचा नियम: रक्तासाठी दिलेल्या इजेचा चौथा भाग कमाल प्राणांतून उतरतो आणि फक्त घेतलेलं काम पुरं झालं की परत येतो. १८ दिले तर ४ अडकले. पहिल्या पातळीच्या पात्राला हे जीवघेणं आहे, तिथे लावू नका. पाचवीपासून पुढे.

गोष्टीवेल्हाळ

एक शंका, कोहळ्याची. आपल्याकडे पूर्वी बळी होता तिथे कोहळा कापतात, त्यावर कुंकू टाकतात, भागतं. अर्थडॉनमध्ये असा बदली बळी चालेल?

आणि रामबागी, तुमच्या मोहिमेला आयता ढाचा: शुनःशेपाची गोष्ट, ऐतरेय ब्राह्मणातली. हरिश्चंद्राने वरुणाला मुलगा देऊ केलेला. मुलगा रोहित अरण्यात पळतो, राजाला जलोदर होतो. मग रोहित अजीगर्ताचा मधला मुलगा विकत घेतो, शंभर गाईंना. बांधायला कोणी धजेना, तर बापच म्हणतो, आणखी शंभर द्या, मी बांधतो. मारायलाही कोणी नाही, तर पुन्हा बापच, आणखी शंभर. शेवटी शुनःशेप ऋचा म्हणतो, एकेक पाश सुटतो, राजाचं पोट उतरतं, आणि विश्वामित्र त्याला मुलगा मानतो. तीन टप्पे, तीन किमती, आणि प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंना थांबवायची संधी. सुरी धरणाऱ्यापेक्षा पैसे मोजून घेणारा जास्त भयंकर वाटतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

केअरचा_कारकून

फार छान. कोहळ्याचं उत्तर: अर्थडॉनमध्ये वजन नावाला असतं. नाव देऊ-घेऊ शकणारा जीव म्हणजे नेम-गिव्हर, आणि नाव दिलं की त्या वस्तूला, जागेला, माणसाला खरा पॅटर्न मिळतो. बिननावाच्या कोहळ्यात ओढण्यासारखं फार काही नाही. पण नाव ठेवलेली, दंतकथा झालेली तलवार मोडून दिली तर? माझ्या टेबलावर मी ते चालवेन (घरचा नियम): वस्तूला विणलेले धागे कायमचे जातात, त्यावर खर्चलेले लेजंड पॉइंट (अनुभवाचे गुण) बुडतात. खेळाडू स्वतःचं रक्त सहज देतात, तलवार देताना रडतात.

रामबागी_फासा

सगळं मिळून घरचा नियम आखला, फोडा:

लाल मणी. प्रत्येक मणी म्हणजे मृत्युमर्यादेतून आणि बेशुद्धीमर्यादेतून १ वजा. एका मण्याला एका चाचणीत २ स्टेप (फेकीच्या जोराच्या पायऱ्या) वाढ. मणी खेळातल्या एक वर्ष आणि एका दिवसाने परत. राजी असलेला दुसरा माणूसही आपला मणी देऊ शकतो. नाराजाचा जीव घेतला तर एकदम १० स्टेप, पण जीएमकडे एक काळा मणी जमा. तीन काळे झाले की हॉररला वास लागला.

जिरावण_जास्त

फोडतो. पाच जण, प्रत्येकी दोन मणी, सगळे तलवारवाल्याला. २० स्टेप. स्टेपचा आकडा म्हणजे साधारण सरासरी, म्हणजे एका वारात २० ची भर. भिया, तुमचा हॉरर पहिल्याच फेरीत गेला.

दुसरं, "आम्ही एक वर्ष केअरमध्ये आराम करतो" म्हटलं की सगळे मणी फुकटात परत.

निळी_पणती

बरोबर पकडलंस. पहिल्याला: एका चाचणीत तीनच मणी, आणि दुसऱ्याचा मणी घ्यायचा तर आधी दोघांत रक्तशपथ हवी. दुसऱ्याला: मणी देताना हेतू मोठ्याने बोलायचा, "गावाच्या विहिरीसाठी", "भावाच्या सुटकेसाठी". तो हेतू सोडून आरामात बसलं की वर्षाची मोजणी थांबते. मोजणी जीएमने ठेवायची, खेळाडूने नाही.

काळ्या मण्यांबद्दल: संख्या उघड ठेवू नकोस. तीनला वास लागतो हे कळलं की खेळाडू दोनवर थांबतात, आणि दोन खून फुकटात पडतात. सहामुखी फासा टाक. जमलेल्या काळ्या मण्यांइतका किंवा कमी आला तर वास लागला. पहिल्या मण्यालाच सहात एक शक्यता, तिसऱ्याला निम्मी.

आणि नाराजाच्या १० स्टेप कमी करू नकोस. मोह खरा नसेल तर नकार देण्यात काय ते पुण्य?

अठरापगड_डीएम

टेबलावर कोणी शाळकरी आहे का? असेल तर पहिल्या सत्राआधी दोन याद्या करा: जे खेळात येणारच नाही, आणि जे पडद्याआड होईल. लहान मुलांचा बळी आमच्या पहिल्या यादीत असतो. मधोमध एक्स कार्ड ठेवा, कोणीही हात लावला की प्रसंग बदलतो, कारण विचारायचं नाही. वर्णनही बेतानं. सुरी वर गेली, पणत्या विझल्या, पुढचं दृश्य. जखमेच्या तपशिलाने भीती वाढत नाही, किळस वाढते.

रामबागी_फासा

एक सोळा वर्षांचा आहे, त्याच्या आईला याद्या दाखवून घेतो. मणी तीनपर्यंत, शपथ सक्तीची, हेतू मोठ्याने, काळ्यांसाठी फासा: सगळं घेतलं.

शेवटचं. दुसऱ्या भागात या मण्यांची माळ शॅडोरनमध्ये सापडायची आहे, लिलावातल्या एका जुन्या पेटीत. तार ओरिचाल्कम या जादुई धातूची दाखवली तर चालेल? दोन्ही जगांत आहे ते.

केअरचा_कारकून

नाव एकच, कृती वेगळी, सांभाळा. अर्थडॉनचं ओरिचाल्कम पाच खऱ्या मूलतत्त्वांचं: वारा, माती, अग्नी, पाणी, लाकूड. शॅडोरनचं सोनं, चांदी, तांबं आणि पारा यांचं. लिलावातला तज्ज्ञ तार घासून बघेल आणि म्हणेल, "यात पारा नाही, हे नकली आहे," आणि माळ स्वस्तात सुटेल. खेळाडूंपैकी ज्याला पहिला भाग आठवत असेल तोच बोली लावेल.

आणि मणी मोजून ओवा. पहिल्या भागात ज्यांचा हेतू अपुरा राहिला तेवढेच.

जिरावण_जास्त

काचेचे घेऊ नका, फाशांबरोबर टेबलावरून घरंगळतात. राजवाड्यामागे लाकडी मिळतात, लाल आणि काळे दोन्ही.